साडेबाराच्या मनसबीची हकीकत

श्री विश्वकर्मा प्रसन्न.

शके एकोणीसशे नऊ, प्रभवनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी जळगाव शहराबाहेर औद्योगिक वसाहतीत जे रण माजले त्याची हकीकत आजवर कोणी लिहिली नाही. लढायांच्या बखरी उदंड जाहल्या. कोणी किल्ले घेतले, कोणी गमाविले, दोघांसही लेखक मिळाले. परंतु कागदावरील एका लंगड्या खुणेने चांगला चालता कारखाना पंधरा दिवस उलटा कसा टांगिला, हे लिहिणारा निपजला नाही, कारण ज्यांस हकीकत ठाऊक ते लाजेने बोलत नाहीत, आणि जे बोलतात त्यांस काही ठाऊक नाही. सबब जे घडले ते पदरचा मसाला न घालता लिहितो. थोडा पडलाच असेल तर तो खान्देशचा आहे, तिखट लागल्यास वाचणाराने वर पाणी प्यावे.

त्या वसाहतीत राजमान्य राजश्री घेवरचंद शेठजी यांची गादी होती. आजोबा मारवाडातून येऊन जळगावी डाळीच्या व्यापारास लागले, वडिलांनी तो वाढविला, आणि खुद्द शेठजींनी तरुणपणी बारा वर्षे बाजारात बसून, पोत्यात परखीची टोकदार नळी खुपसून, मूठभर दाण्यांत कचरा किती हे पारखिले. ही गोष्ट वाचणाराने ध्यानी धरावी, पुढे कामी येईल. शेठजींस स्वतःस मात्र ती वेळेवर कामी आली नाही. मग त्यांच्या मनी आले की डाळ तो कोणीही विकतो, आपण लोखंड विकावे, आणि त्यांनी मातोश्रींच्या नावे ‘धनकुंवर इंजिनिअरिंग वर्क्स’ ही दौलत उभी केली. तीन लेथ, लोखंड रंधणारे एक शेपर, मर्जी असेल त्या दिवशी चालणारे एक ड्रिल, आणि अकरा असामी, ऐसा सरंजाम होता.

या फौजेचे सरनौबत झुलाल मिस्त्री, राहणार मूळ शिंदखेडा तालुका, नोकरीस बावीस वर्षे. त्यांची सारी विद्या उजव्या हाताच्या तर्जनीच्या नखात होती. लेथवरून उतरलेला जॉब हाती घ्यावा, त्यावरून नख फिरवावे, डोळे मिटावे, आणि मग ‘उतारा’ म्हणावे अथवा ‘आखो एक हात जोयजे’ म्हणून परत चढवावा, ऐसा रिवाज होता. त्या नखाचा निकाल फिरल्याचे कोणास स्मरत नव्हते. इंग्रजी मात्र त्यांस येत नव्हते, आणि बावीस वर्षे त्यावाचून काही अडलेही नव्हते, कारण नकाशावर त्रिकोणांचे राज्य होते. एक त्रिकोण असेल तर मोठी काट मारून मोकळे व्हावे, दोन असतील तर हात बारीक करावा, तीन असतील तर जीव ओतावा. चार त्रिकोण कोणी पाहिले नव्हते, ते मुंबईकडे असतात म्हणत. जितके त्रिकोण अधिक तितका गुळगुळीतपणा अधिक, इतके शास्त्र पुरत होते आणि रयत सुखी होती.

ऐसे असता पुण्याच्या एका थोर कंपनीकडून खलिता आला. पंपाच्या बेअरिंगची हौसिंगे, म्हणजे ज्याच्या भोकात बेअरिंग बसते ती बिडाची घरे, बारा नग नमुन्यादाखल करून द्यावी, पसंत पडल्यास वर्षाचे काम द्यावे. शेठजींस आनंद मावेना. त्यांनी सर्वांस कचोरी वाटली, नकाशा टेबलावर अंथरिला, चारी कोपऱ्यांस चार नट ठेविले, आणि सारा दरबार त्यावर वाकला. कागदावर त्रिकोण एकही नव्हता!

त्रिकोणांच्या जागी खुणा होत्या त्या ऐशा: एक पाय आखूड, एक पाय लांब, पायांमध्ये आडवी दांडी, आणि वर खांद्यावर आकडा. भोकाच्या ठायी आकडा होता एक पूर्णांक सहा दशांश. तळाच्या ठायी, जेथे हौसिंग जमिनीवर बसते, तेथे होता साडेबारा. आणि बाहेरच्या अंगावर जी खूण होती तीस आकडाच नव्हता, आडवी दांडीही नव्हती, पायांमध्ये नुसते एक वाटोळे शून्य बसविले होते. सर्वांनी अभिमनकडे पाहिले. अभिमन दुसऱ्या लेथवरचा गडी, धुळ्यास आयटीआयमध्ये एक वर्ष काढून परत आला होता, तस्मात दरबारात तो विद्वान गणला जाई. त्याने नकाशा सरळ पाहिला, मग फिरवून पाहिला, आणि हे दुसऱ्या वर्षी शिकवितात असे सांगून चहा घेतला.

तेव्हा घेवरचंद शेठजींनी मसलत स्वतःच्या हाती घेतली. त्यांनी विचार केला की त्रिकोण अधिक तर मान अधिक, मग आकडा मोठा तर मानही मोठाच असणार. बादशाही अमलात पंचहजारी मनसबदार थोर आणि शेदोनशेचा तो किरकोळ, हे पोरासोरांसही ठाऊक. येणेप्रमाणे तळ हा साडेबाराचा मनसबदार, त्यास आरशासारखा करावा. भोक हे पावणेदोनही नसलेले फाटके शिलेदार, त्याच्यावर फार वेळ घालवू नये. बाहेरच्या अंगास तर आकडाच नाही, तो भिकारी, त्यास शिवूही नये. ऐसा हुकूम जाहला आणि अभिमनने मान डोलाविली.

झुलाल मिस्त्रींची मान डोलली नाही. त्यांनी कास्टिंगच्या, म्हणजे ओतून आलेल्या कच्च्या नगाच्या, भोकात बोट घातले, नखाने तेथली खडबड चाचपली, आणि भीत भीत अर्ज केला, “शेठजी, बेरिंग भोकमा बठस. गुळगुळीत तठे जोयजे. तळ ते नुसता जमीनवर बठस.”

शेठजी हसले आणि पुसते जाहले, “मिस्त्री, तुम्हाला इंग्रजी वाचता येतं का?”

या एका सवालाने बावीस वर्षांचे ठाणे पडले. मिस्त्रींस वाटले, खरेच, पुण्याचे लोक शिकलेले, त्यांनी काही पाहूनच लिहिले असेल, आपले नख ते काय, शेतात ढेकळे फोडणाऱ्या बापाकडून आलेले! आणि त्यांनी हात खिशात घातला. बखरकाराच्या मते या मोहिमेतील खरा पराभव तो हाच, बाकीचे सारे सोपस्कार होत.

मग स्वारी निघाली. बारा हौसिंगांचे तळ शेपरवर धरिले, काट मारिली, वना नामे वयोवृद्ध सेवकास एमरीचे कागद आणि घासलेटचा डबा देऊन बसविले, आणि वना आप्पांनी तीन दिवस ऐसे घासिले की त्यांच्या बोटांचे ठसे पुसले गेले. तळ चमकू लागले. भोकांस मात्र मोठ्या फीडची, म्हणजे हत्यार भराभर सारून, एकच काट मारून बाहेर काढिले, आत हात फिरविला तर नांगरलेल्या वावरात फिरल्यासारखे वाटे. झुलाल मिस्त्रींनी त्या वाटेस नख नेलेच नाही, कारण नख काय म्हणेल ते त्यांस ठाऊक होते. ऐसी सिद्धता जाहली आणि पुण्याचे तपासनीस साहेब येते जाहले.

साहेबांनी बॅगेतून एक चपटी पेटी काढिली. तीत लोखंडाच्या नमुन्याच्या पट्ट्या होत्या, अती खडबडीतपासून अती गुळगुळीतपर्यंत ओळीने लाविलेल्या. साहेबांनी एका पट्टीवरून नख फिरविले, मग तेच नख हौसिंगच्या भोकात फिरविले. ते पाहून झुलाल मिस्त्रींनी खिशातल्या खिशात आपले नख चाचपले. हा पुण्याचा, इंग्रजी शिकलेला, बुटांस पॉलिश केलेला गृहस्थही शेवटी नखानेच पाहतो! पुढे होऊन बोलावे असे त्यांस वाटले, पण हात खिशातून निघेना. साहेबांनी भोकाकडे पाहिले, तळाकडे पाहिले, तळात स्वतःचे तोंड दिसले तेव्हा थोडे दचकले, पेटी मिटली आणि इतकेच पुसिले, “तुम्ही ड्रॉइंग वाचता की नाही?” मग एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिले की फिनिश ड्रॉइंगप्रमाणे नाही, बारा नग नामंजूर, दुसरे बारा करावे, सोमवार टाकून पुढल्या सोमवारी पाहीन. कचोरी आली होती, तिला हातही न लाविता साहेब गेले. सारा दरबार सात मिनिटांत आटोपला.

शेठजींची अब्रू गेली आणि ज्याची अब्रू जाते तो दुसऱ्याची मागतो, हा दुनियेचा कायदा आहे. फर्मान सुटले: दुसरे बारा नग पसंत न जाहल्यास झुलाल मिस्त्रींनी मायक्रोमीटरच्या पेटीची किल्ली अभिमनच्या हवाली करावी आणि स्वतः लोखंड कापण्याच्या करवतीपाशी उभे राहावे. करवतीपाशी ज्या दिवशी माणूस उभा करतात त्या दिवसापासून त्यास कोणी जॉब दाखवीत नाही, नख फिरव म्हणत नाही. तो फक्त तुकडे करितो. मिस्त्रींस त्या रात्री जेवण गेले नाही आणि घरी त्यांनी कारण सांगितले नाही.

आता चिठ्ठीचा अर्थ लावणे आला. फिनिश बरोबर नाही, इतके उमगले, तेव्हा शेठजींनी निष्कर्ष काढिला की चमक कमी पडली. मनसबदाराचा मान राहिला नाही म्हणून साहेब रुसले! मग दुसरी स्वारी पहिलीहून दांडगी. नव्या बारा कास्टिंगांचे तळ आधी घेतले, कारण मोठ्याचा मान आधी. बाहेरून बफिंगचे चाक आणविले, हिरवा साबण आणविला, वना आप्पांस दोन गडी जोडून दिले, आणि पाच दिवस तो तोफखाना ऐसा गरजला की शेजारच्या कारखान्यातून विचारणा आली की तुम्ही भांड्यांचे दुकान काढिता काय. शनिवारी शेठजींनी एका तळात पाहून मिशी विंचरली आणि स्वारी यशस्वी जाहली असे जाहीर केले. भोके तशीच राहिली होती. ती सोमवारनंतर दोन दिवसांत उरकून टाकू म्हणाले.

झुलाल मिस्त्री नकाशाची घडी खिशात घालून घरी आले. रविवार होता. त्यांच्या कुटुंब कमलबाई एका डाळ मिलमध्ये निवडणीच्या कामास होत्या. तेथला रिवाज ऐसा की बाजारातून मालाचे नमुने पुड्या बांधून येत, पारख जाहली की पुड्या निवडणाऱ्या बायांनी वाटून घ्याव्या. त्या दिवशी चुलीवर भरिताची वांगी भाजत होती, आणि फोडणीच्या वरणासाठी कमलबाईंनी ओट्यावरून डाळीची पुडी मागितली. ओट्यावर पुड्या दोन. एकीवर पेनाने दोनचा आकडा, दुसरीवर अकराचा. मिस्त्रींनी, पंधरा दिवस जे शास्त्र शिकले होते त्याप्रमाणे, घरच्या माणसांस उत्तम ते मिळावे या हेतूने अकराची पुडी उचलून दिली.

“ती नको, ठेवी द्या तठेच,” कमलबाई म्हणाल्या. “अकराना आकडा दिसस नही का त्यावर?”

“मंग? दोनपेक्षा अकरा मोठा नही का?”

कमलबाई वांगे उलटता उलटता थांबल्या आणि नवऱ्याकडे ऐशा पाहू लागल्या की जणू त्याने सूर्य पश्चिमेस उगवतो म्हटले. “तो आकडा डाळना नही शे, कचराना शे! शंभरमा अकरा कचरा. जितला आकडा मोठा, तितला दातखाले खडा. बठ्ठा बाजारले माहीत शे, आनि तुम्हलेच कसं माहीत नही?”

झुलाल मिस्त्री हातात पुडी धरून उभेच राहिले. मग खाली बसले. मग खिशातून नकाशा काढून चुलीसमोर पसरला आणि कमलबाईंस पुसिले की समज, हे लोखंड आहे, हे बेअरिंगचे भोक, येथे लिहिले आहे पावणेदोनाहून कमी, आणि हा तळ, येथे साडेबारा, तर काय समजावे? कमलबाईंस इंग्रजी येत नव्हते, लोखंडही येत नव्हते, आकडे मात्र येत होते. त्यांनी राखेचे बोट भोकावर ठेविले आणि म्हणाल्या, “आठे कचरा चालत नही.” मग तळावर ठेविले, “आठे चालस.” आणि बाहेरच्या शून्यावर बोट नेऊन किंचित विचार करून म्हणाल्या की येथे निवडायलाच सांगितले नाही, आला तसा माल ठेवायचा असेल.

तीनही खुणांचा उलगडा वांगे करपण्याच्या आत जाहला. आकडा हा गुळगुळीतपणाचा नव्हेच, खडबडीचा. लोखंडाच्या अंगावर जे डोंगर आणि घळी राहतात त्यांचे ते माप, म्हणून लहान आकड्यास मोठी मेहनत आणि मोठ्यास थोडी. आडवी दांडी म्हणजे येथे काट मारा, आणि शून्य म्हणजे येथे काट मारू नका, ओतले तसे राहू द्या. म्हणजे शेठजींनी ज्यास भिकारी समजून हाकलिले तेवढे एकच काम या मोहिमेत बरोबर जाहले होते, आणि तेही तुच्छतेने. झुलाल मिस्त्रींस हसू आले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आले, कारण भोक गुळगुळीत पाहिजे हे त्यांचे नख पहिल्याच दिवशी बोलले होते आणि त्यांनी त्यास खिशात कोंडले होते. कमलबाईंनी पुसिले की काय जाहले, तर म्हणाले, धूर लागला.

सोमवारी मिस्त्रींनी दरबारात अर्ज केला. आकडा कचऱ्याचा आहे, मालाचा नाही, शेठजी, डाळीच्या पुडीवर असतो तसा. हे ऐकून घेवरचंद शेठजींनी मिस्त्रींच्या हातचा नकाशा ओढून घेतला आणि साडेबारावर बोट ठेविले. बारा वर्षे ज्याने परखी खुपसून कचऱ्याचे आकडे लिहिले, त्याच्याच काखेत कळसा होता आणि तो पुण्याला वळसा घालीत होता! परंतु शेठजी थोर पुरुष. त्यांनी खाकरून सांगितले की हे आम्हांस ठाऊकच होते, मिस्त्रींची परीक्षा पाहत होतो. अभिमननेही सांगितले की आता आठवते, दुसऱ्या वर्षी ऐसेच शिकवितात. हे उमगले कसे, असे कोणी पुसिले तेव्हा झुलाल मिस्त्रींनी नजर जमिनीकडे वळवून, उमगले, इतकेच म्हटले. बायकोने चुलीपाशी शिकविले म्हणावे तर फौज महिनाभर हसली असती. हेही बखरीत नोंदणे भाग आहे.

मग तिसरी स्वारी, जी खरी. झुलाल मिस्त्री आठ दिवस लेथपासून हलले नाहीत. भोक कोरण्याचे बोरिंगचे टूल स्वतः पाजळले, फीड बारीक केली, शेवटची काट केसाएवढी ठेविली, आणि प्रत्येक भोकात डोळे मिटून नख फिरविले. तीन जॉब ‘आखो एक हात’ म्हणून परत चढविले. जो येईल त्यास ते चहा पाजीत आणि लेथपासून दूर ठेवीत. बारावे भोक जाहले तेव्हा त्यांनी नख फिरविले, आणि नखास काही लागले नाही, आणि बावीस वर्षांचे ठाणे परत हाती आले.

पुढल्या सोमवारी साहेब आले. पेटी उघडली. पट्टीवर नख, भोकात नख, पट्टीवर नख, भोकात नख, ऐसे बारा वेळा. मग तळ पाहिला, तळात स्वतःस पाहिले, आणि पुसिले की येथे आरसा कशास केला, येथे तर साडेबाराही चालले असते. शेठजींनी सांगितले की तो आमचा आनंद. साहेब हसले, चिठ्ठीवर मंजूर लिहिले, आणि या वेळी कचोरी घेतली. कचोरी खाता खाता त्यांनी सहज पुसिले की मागल्या खेपेस इतके उलटे आणि आता इतके सुलटे, हे ड्रॉइंग वाचले कोणी?

घेवरचंद शेठजींनी गळा साफ केला. अभिमन अर्धे पाऊल पुढे सरकला. किल्ली झुलाल मिस्त्रींच्या कमरेस होती, करवत दूर होती, मिस्त्रींनी नुसते गप्प राहायचे होते, सारे आपोआप मिळत होते. पण त्यांस आठवले की गप्प राहून मागे काय जाहले. त्यांनी खिशातला हात बाहेर काढिला.

“मना घरमा कमलबाईनी वाचं, साहेब.”

साहेबांनी विचारले की बाईसाहेबांचे शिक्षण कोठे जाहले. मिस्त्रींनी सांगितले, “डाळ मिलमा. निवडाले जास ती.”

कारखाना हसेल असे मिस्त्रींस वाटले होते. कोणी हसले नाही. वना आप्पांनी झिजली बोटे एकमेकांवर चोळिली आणि म्हणाले, मग तिला आधीच विचारायचे ना रे बाबा! साहेबांनी उरलेली कचोरी बशीत ठेवून खिशातून वही काढिली, ‘आकडा कचऱ्याचा, डाळीचा नाही’ इतके मराठीत लिहिले, आणि म्हणाले की आमच्या कॉलेजात हे दोन तास शिकवितात, तरी निम्म्यांस समजत नाही. शेठजी त्या वेळी छताकडे पाहत होते.

येणेप्रमाणे मार्गशीर्षात सुरू जाहलेली मोहीम पौषात फत्ते जाहली. बारा नग मंजूर, वर्षाचे काम पदरात, किल्ली मूळ धन्याकडे कायम, अभिमन दुसऱ्या लेथवर कायम, त्रिकोणांचे राज्य बुडाले आणि लंगड्या खुणांचा अंमल बसला. रणात एमरीचे कागद अगणित खर्ची पडले, वना आप्पांचे ठसे गेले ते फाल्गुनात परत आले. पहिल्या स्वारीचे बारा नामंजूर नग भंगारात निघाले, पैकी एक झुलाल मिस्त्रींनी मागून घेतला आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी नेला. खिडकीपाशी कोनाड्यात तो आडवा ठेविला, तळ बाहेर करून. फत्तेवर मोर्तब पाहिजे, ते दुसऱ्या दिवशी कमलबाईंनी केले. मिलमध्ये जाण्यापूर्वी त्यांनी त्या तळात पाहून कुंकू लाविले, पदर नीट केला, आणि म्हणाल्या, “तुम्हना बठ्ठा काममा हाऊ एकच कामना व्हयना.”